गाठोडं उघडायचं, चालवायचं नाही

मंडळी, आज थोडा वेगळा विषय. आयुष्यभर मुलांना मराठी व्याकरण शिकवलं, त्यामुळे संगणकाशी झालेली ओळखसुद्धा क्रियापदांमधूनच झाली. तर आज दोन क्रियापदांविषयी लिहितो. ‘उघडणे’ आणि ‘चालवणे’.

आपण फाईलवर दोनदा टिचकी मारतो आणि म्हणतो, ‘फाईल उघडली.’ फोटो असेल, पीडीएफ असेल, तर ते बरोबर आहे. तिथे कर्ता आपण, फाईल हे कर्म. पण जिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट ईएक्सई’ असतं, तिच्यावर टिचकी मारली की ती उघडत नाही, ती चालू होते. त्या क्षणी वाक्यातला कर्ता बदलतो. आता फाईल कर्ता आणि आपला संगणक कर्म! ती काय करेल ते ती ठरवणार, आपण बघत बसायचं.

एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं सोपं आहे. मला हे शिकायची वेळ आली ती एका दिवंगत मित्रामुळे. ती हकिकत पुढे सांगतोच. आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

झिप फाईल बहुतेकांना माहीत असते. अनेक फाईली दाबून बसवून बांधलेलं एक गाठोडं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात राहणाऱ्या फिल कॅट्झ या तरुणाने १९८९ साली हा प्रकार आणला. बिचारा २००० साली, वयाच्या ३७ व्या वर्षीच गेला. पण गंमत बघा, आजही जगातली जवळजवळ प्रत्येक झिप फाईल त्याच्या नावाच्या आद्याक्षरांनी, ‘पी के’ या दोन रोमन अक्षरांनी सुरू होते.

गाठोडं सोडायला मात्र हात लागतात. म्हणजे झिप सोडवणारा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर असावा लागतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो सगळ्यांकडे नसायचा. विंडोजमध्ये झिप उघडायची सोय सर्रास आली ती २००१ च्या विंडोज एक्सपीपासून. त्याआधी लोकांनी युक्ती काढली. गाठोड्याच्या पुढे एक छोटासा सोडवणारा प्रोग्रॅमच शिवून टाकायचा. समोरच्याने नुसती टिचकी मारायची, गाठोडं आपणहून सुटतं. इंग्रजीत हिला ‘सेल्फ एक्स्ट्रॅक्टिंग’ फाईल म्हणतात. मी तिला ‘आपसूक सुटणारं गाठोडं’ म्हणतो.

सोय मोठी होती. फ्लॉपीत मावायचं जेमतेम १.४४ एमबी. तेव्हा दाबून बसवणं भागच होतं, आणि समोरच्याला काही येत नसलं तरी चालत होतं. पण गाठोड्याच्या पुढे प्रोग्रॅम शिवला की ती फाईल ईएक्सई झाली. म्हणजे ‘उघडणे’ गेलं आणि ‘चालवणे’ आलं. अशी फाईल ‘पी के’ने नाही, तर ‘एम झेड’ या अक्षरांनी सुरू होते. तीही एका माणसाचीच आद्याक्षरं. मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की. एकाच फाईलमध्ये दोघे नांदतात. पुढे झ्बिकोव्स्कींचा प्रोग्रॅम, मागे कॅट्झचं गाठोडं.

आता मित्राची हकिकत.

हा मित्र माझ्याच पेशातला, प्रयाग चिखलीचा. शाळा सुटली की सायकल काढून गावोगाव हिंडायचा आणि म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायचा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता ‘परी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आमच्या मित्राचं काम त्यामानाने अगदी लहान. करवीर आणि हातकणंगले तालुक्यातली दहा-बारा गावं. चिखली, आंबेवाडी, वडणगे, निगवे, केर्ली, शिये, शिरोली... पण काम मन लावून केलेलं. कोणत्या बाईने सांगितली, तिचं माहेर कोणतं, हे सगळं लिहिलेलं. सात वह्या होत्या.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्हाला आठवत असेल. आमच्या शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि चिखली-आंबेवाडीत तर घरंच्या घरं पाण्यात. मित्र त्याच्या आधीच गेला होता. त्याच्या वह्या खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर घरच्यांना कपाटात लगदा मिळाला.

आणि मग गेल्या वर्षी पुण्याहून त्याच्या मुलीचा फोन आला. “काका, बाबांची एक सीडी सापडली. त्यावर एकच फाईल आहे, नाव आहे ‘ओव्या’. पण उघडत नाही.”

ती फाईल ईएक्सई होती. तिने ईमेलने पाठवायचा प्रयत्न केला तर जीमेल अशी फाईल घेतच नाही, झिपमध्ये घालून दिली तरी नाही. तिच्या लॅपटॉपला सीडीचा खण नाही. म्हणून एका डीटीपीच्या दुकानातून ती फाईल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि येणाऱ्या पाहुण्यांबरोबर माझ्याकडे पाठवली. इथे एका संगणक दुरुस्ती करणाऱ्या मुलाला दाखवली. त्याच्या अँटीव्हायरसने लाल पाटी दाखवली. तो म्हणाला, “सर, एक्झी हाय ही. आत काय असंल सांगता येत न्हाई. उडवून टाका आणि मोकळं व्हा.”

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अनोळखी ईएक्सई उडवून टाकणं हाच शंभरातल्या नव्व्याण्णव वेळचा योग्य सल्ला. पण ही शंभरावी वेळ होती. सात वह्यांचा लगदा झाल्यावर उरलेलं ते एकच गाठोडं होतं.

माझा पुतण्या शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप चालवतो. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. त्याला या प्रकाराची चांगली सवय आहे, कारण त्याच्याकडे रोज परगावाहून, परदेशातून चौकशीचे ईमेल येतात. ‘सोबत ड्रॉइंग जोडलं आहे, दर कळवा.’ त्यात खरे किती आणि खोटे किती! ‘एजंट टेस्ला’ नावाचा पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम २०१४ पासून जगभर अशाच ऑर्डरच्या आणि कोटेशनच्या ईमेलमधून फिरतो आहे. जोडलेल्या गाठोड्यात ड्रॉइंग नसतंच, असते एक ईएक्सई. धंदा म्हटला की चौकशीला उत्तर तर द्यावंच लागतं. म्हणून त्याने आपल्यापुरती शिस्त घालून घेतली आहे. तो मला म्हणाला, “आप्पा, ही फाईल चालवायचीच न्हाई. बाहेरनं सोडवायची.”

हे मला फार आवडलं. बाहेरून सोडवायची!

त्याचं कारण असं. झिपच्या गाठोड्यातल्या वस्तूंची यादी फाईलच्या शेवटी असते, सुरुवातीला नाही. त्यामुळे पुढे कुठलाही प्रोग्रॅम शिवलेला असला तरी सोडवणारा दुसरा प्रोग्रॅम मागून जाऊन यादी वाचू शकतो. पुढचा प्रोग्रॅम झोपलेला तो झोपलेलाच राहतो. त्याला उठवायची गरजच पडत नाही.

यासाठी पुतण्या ‘सेव्हन-झिप’ वापरतो. इगोर पाव्हलोव्ह या रशियन गृहस्थांनी १९९९ पासून चालवलेला हा प्रोग्रॅम फुकट आहे. (त्याचं मूळ संकेतस्थळ डॉट ऑर्गवर आहे. नावात थोडा फरक करून नकली दुकानं मांडणारे असतात, तेव्हा पत्ता नीट वाचूनच घ्यावा.) आम्ही केलं ते असं.

पहिलं म्हणजे मूळ सीडी मुलीला सांभाळून ठेवायला सांगितली. अँटीव्हायरस कधी कधी संशयित फाईल न विचारता उचलून कोठडीत टाकतो. मूळ प्रत हाताशी असली की तो घोर नाही.

दुसरं, एक जुना संगणक घेतला, ज्यावर बँकेचं, हिशेबाचं काही नाही, आणि त्याचं इंटरनेट काढून टाकलं. ज्यांच्याकडे विंडोजची प्रो आवृत्ती आहे त्यांना ‘विंडोज सँडबॉक्स’ नावाची सोयही चालू करता येते. खिडकीतल्या खिडकीत एक तात्पुरता संगणक तयार होतो आणि खिडकी बंद केली की आतलं सगळं पुसलं जातं.

तिसरं, फाईलींची पूर्ण नावं दिसतील अशी सेटिंग केली. विंडोज मुळात नावाचं शेपूट लपवतो. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नाव मग नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो याच लपलेल्या शेपटामुळे. लोकांना वाटलं साधी टेक्स्ट फाईल आहे, प्रेमपत्र आहे. शेवटचं ‘व्हीबीएस’ त्यांना दिसलंच नाही.

चौथं आणि महत्त्वाचं. फाईलवर दोनदा टिचकी न मारता उजवी टिचकी मारली, सेव्हन-झिपच्या यादीतून ‘ओपन अर्काइव्ह’ निवडलं. विंडोज ११ मध्ये हे कधी कधी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आत दडलेलं असतं.

आणि यादी दिसली.

सत्तावीस फाईली. गावांची नावं. प्रत्येकीपुढे शेवटचा हात लावल्याची तारीख. १९९९ पासून सुरुवात, शेवटची डिसेंबर २००२. केर्लीच्या फाईलवर तो चार वेळा बसला असावा, कारण केर्ली एक, दोन, तीन आणि चार अशा चार फाईली. निवृत्तीनंतर हा माणूस टायपिंग शिकला होता हे मला माहीत होतं, पण त्याने सगळ्या वह्या उतरवल्या असतील याची कल्पना नव्हती. मी काही वेळ ती नुसती यादीच वाचत बसलो. पुतण्या म्हणाला, “आप्पा, अजून काहीच उघडलं न्हाई हं.” खरंच होतं. नुसती यादी पाहण्यात काही धोका नव्हता, पण मला मात्र मित्र भेटल्यासारखं झालं.

यादी कशी वाचायची तेही सांगतो. आत डॉक, टेक्स्ट, जेपीजी अशी शेपटं असतील तर ठीक. ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस, जेएस, एलएनके असं काही असेल तर थांबावं. ओव्यांच्या गाठोड्यात एससीआर, म्हणजे स्क्रीनसेव्हर, कशाला हवा? आणि गावांच्या नावांऐवजी ‘डॉट टेक्स्ट’, ‘डॉट डेटा’, ‘डॉट आरएसआरसी’ एवढेच तुकडे दिसले तर समजावं की हे प्रोग्रॅमचे अवयव आहेत. सेव्हन-झिपला आत गाठोडं सापडलेलं नाही. मग ती फाईल बाजूला ठेवावी, कुतूहलापोटी चालवून पाहू नये.

यादी निर्दोष दिसली म्हणून आता टिचकी मारायला हरकत नाही, असंही नाही. आपसूक सुटणाऱ्या गाठोड्यात आतल्या वस्तूंखेरीज ‘सुटल्यावर काय करायचं’ याच्या सूचनाही लिहिता येतात. २०२३ साली क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने असाच एक नमुना जाहीर केला. गाठोड्यात एक रिकामी टेक्स्ट फाईल, बाकी काही नाही. पण चालवलं की सूचना कामाला लागायच्या आणि परक्याला संगणकात शिरायला मागचं दार उघडं व्हायचं. म्हणजे आतलं सामान साधं, पण बांधणाऱ्याचा हेतू वाईट. म्हणून यादी पाहिल्यावरही चालवायचं नाही, ‘एक्स्ट्रॅक्ट’ करायचं. तेही एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये.

तुम्ही म्हणाल, मित्राच्या फाईलवर एवढा संशय? मित्रावर नव्हता हो. पण गाठोडं मित्राने बांधलं आणि नंतर ते कुणाकुणाच्या हातातून गेलं? बांधून देणारा क्लासमधला मुलगा, डीटीपीचं दुकान, तो पेनड्राइव्ह. ‘सॅलिटी’सारखे व्हायरस २००३ पासून हेच करत आले. संगणकावरच्या चांगल्या ईएक्सई फाईली शोधायच्या आणि त्यांना चिकटायचं. लाल पाटी त्यामुळे आली की जुन्या फाईलबद्दलच्या नुसत्या शंकेने, ते आम्ही खणत बसलो नाही. बाहेरून सोडवल्यावर पुढचा प्रोग्रॅम तसाच मागे राहिला आणि सत्तावीस फाईली बाहेर आल्या. त्या पुन्हा तपासल्या आणि मग ती ईएक्सई पुसून टाकली.

विश्वास माणसावर असतो, फाईलवर नसतो. हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

आणखी एक गोष्ट यात कळली. मुलीकडे ती फाईल ‘उघडत नाही’ याचं कारण काही वेगळंच होतं. ती १६ बिटच्या जमान्यातली होती आणि आजचे ६४ बिटचे विंडोज असले प्रोग्रॅम चालवतच नाहीत. म्हणजे टिचकी मारून ते गाठोडं या जन्मी सुटलंच नसतं. बाहेरून सोडवणं हा सुरक्षित मार्ग तर होताच, आणि आता तोच एकमेव मार्गही होता.

फाईली बाहेर आल्यावरचं काम वेगळं. सगळं श्री-लिपीत टाइप केलेलं, त्यामुळे पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती खिचडी. मित्राच्या मुलीने फॉन्ट बदलणाऱ्या साधनाने त्याचं युनिकोड केलं. ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या, रफार हरवले. ते दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. शाळामास्तराला दुसरं काय हवं? तीनशेच्या वर ओव्या आहेत. रोज दहा तपासतो.

आता आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं थोडं.

आपण मराठी टंकणारी माणसं या ईएक्सईच्या वाटेला इतरांपेक्षा जास्त जातो. फॉन्ट, कीबोर्ड, कन्व्हर्टर, सगळं कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेलं. गूगल इनपुट टूल्सचंच घ्या. विंडोजवर उतरवून घ्यायची ती सोय गूगलने काही वर्षांपूर्वी बंद केली. तरी तिची ईएक्सई दुकानादुकानांतून, कचेऱ्यांतून आणि अनोळखी संकेतस्थळांवरून फिरतच असते. तिच्यात वाटेत कुणी काय शिवलं, कोण सांगणार? खरं तर तिची गरजच नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीचा उच्चारानुसार चालणारा कीबोर्ड आतच आला आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मराठी फोनेटिक’ निवडलं की झालं. सर्वांत सुरक्षित ईएक्सई ती, जिची आपल्याला गरजच पडत नाही.

दुसरं, सोडवणारं साधनही जुनं ठेवू नये. विनरारमध्ये २०२३ आणि २०२५ साली अशा त्रुटी सापडल्या की मुद्दाम बनवलेलं गाठोडं उघडताना किंवा सोडवताना नको ते घडू शकत होतं. नवीन आवृत्तीत त्या बुजवल्या आहेत, पण विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही. आपल्यालाच ते करावं लागतं. जुन्या कात्रीने गाठ कापायला गेलं तर बोट कापतं.

तिसरं, शंका असलेली फाईल ‘व्हायरस-टोटल’वर तपासायला देता येते. अनेक अँटीव्हायरस एकाच वेळी तिची परीक्षा घेतात. पण तिथे चढवलेली फाईल इतरांनाही मिळू शकते, म्हणून घरची कागदपत्रं तिथे देऊ नयेत.

आणि चौथं, फोनवाल्यांसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. पत्रिका म्हणून टिचकी मारली आणि खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. गंमत म्हणजे एपीकेसुद्धा आतून झिपचंच गाठोडं. पहिली दोन अक्षरं तीच, ‘पी के’. म्हणजे आमच्या काळातलं ते गाठोडं आता पत्रिकेचा शालू नेसून फोनवर येतंय. लग्नाची पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. पत्रिका वाचण्यासाठी काही ‘इन्स्टॉल’ करावं लागत असेल तर त्या लग्नाला जाऊ नये! आणि तरीही फसगत झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

असो. शेवटचं मागणं आपल्या वयाच्या मंडळींकडे. आपण आता आठवणी, वंशावळी, जुने फोटो, पत्रं संगणकावर बांधून ठेवतो आहोत. बांधा, पण गाठोडं साधं बांधा. साधी झिप करा. ती आज कुठल्याही संगणकावर जादा काही न घालता सुटते. पासवर्ड घातला तर तो घरात कुणाला तरी माहीत असू द्या. मजकूर युनिकोडमध्ये ठेवा आणि सोबत एक छोटी टेक्स्ट फाईल ठेवा, आत काय आहे, कुणी लिहिलं, कधी लिहिलं. आपल्यामागे ते सोडवणारी मुलं आपल्यावर विश्वास ठेवतीलच, पण तोवर मधल्या कुणाचा तरी हात त्याला लागलेला असेल. त्यांना आपल्या गाठोड्याची भीती वाटू नये, एवढं आपण आज करू शकतो.

आज निगव्याची फाईल तपासून झाली. उद्यापासून केर्ली एक.

तुमच्याकडेही असं एखादं न सुटलेलं गाठोडं कपाटात पडून असेल तर जरूर कळवा. पण टिचकी मारायच्या आधी!